साधनांची देवघेव आणि निर्णयाचे एकटेपण : शालेय समुपदेशकांच्या परस्पर-विनिमयाची चिकित्सा

शालेय समुपदेशक हा शाळेतील असा व्यावसायिक आहे, की ज्याचा सहव्यवसायी त्याच इमारतीत सहसा नसतो. गणिताच्या शिक्षकाला एखादे प्रमेय मुलांच्या गळी उतरविता येत नसेल, तर शिक्षक-कक्षात त्याच विषयाचा दुसरा शिक्षक भेटतो. निदान शेजारच्या तुकडीवरचा भेटतो. मधल्या सुटीनंतर दार लोटून आत आलेल्या एखाद्या मुलीने जे सांगितले त्याविषयी कोणाशी बोलावे, हा प्रश्न समुपदेशकाला मात्र बहुधा एकट्यानेच सोडवावा लागतो. मुख्याध्यापकांशी बोलावे तर शाळेच्या नावलौकिकाचा विचार आड येतो. वर्गशिक्षकांशी बोलावे तर गोष्ट शिक्षक-कक्षात पसरण्याची धास्ती असते. पालकांशी बोलावे तर पुष्कळदा पालकच त्या प्रश्नाचा एक भाग असतात. अशा स्थितीत अन्य शाळांतील समुपदेशकांशी होणारी साधनांची व विचारांची देवघेव ही या व्यवसायाची मूलभूत गरज ठरते.

ही देवघेव होत नाही असे म्हणता येणार नाही. प्रश्नावल्या, अभिरुची व अभियोग्यता चाचण्या, परीक्षेच्या ताणावरील भित्तिपत्रके, अभ्यासक्रमांच्या व वसतिगृहांच्या याद्या, पालकसभेसाठी तयार केलेली टिपणे हे सर्व एका शाळेकडून दुसऱ्या शाळेकडे जात असते. फेब्रुवारी उजाडला की व्हॉट्सअॅपवर तीच भित्तिपत्रके दर वर्षी नव्याने फिरू लागतात. प्रस्तुत लेखात तपासावयाचा मुद्दा वेगळा आहे. जे हातातून हातात सहज देता येते तेच या व्यवसायात दिले-घेतले जाते. आणि ज्यावाचून समुपदेशकाचे पाऊल अडते, म्हणजे अमुक प्रसंगी निर्णय कसा घेतला, काय ऐकूनही ऐकू आले नाही, कोठे घाई झाली, ते ज्याचे त्याच्यापाशीच राहते. ही विषमता केवळ वैयक्तिक संकोचातून आलेली नाही. व्यवसायाच्या इतिहासात, शासकीय धोरणाच्या भाषेत आणि गोपनीयतेच्या अपुऱ्या समजुतीत तिची मुळे सापडतात.

पार्सन्स यांचे तिसरे अंग

व्यवसाय-मार्गदर्शनाच्या चळवळीचा आरंभ सामान्यतः फ्रँक पार्सन्स यांच्यापासून मानला जातो. त्यांनी १९०८ च्या आरंभी बोस्टन येथे व्यवसाय-मार्गदर्शन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाले. व्यवसायनिवडीची त्यांनी सांगितलेली तीन अंगे आजही बी.एड्.च्या पाठ्यपुस्तकांतून शिकविली जातात. पहिले, व्यक्तीला असलेली स्वतःची ओळख. दुसरे, निरनिराळ्या व्यवसायांच्या अटींचे व संधींचे ज्ञान. तिसरे, या दोहोंच्या परस्परसंबंधाविषयीचा यथार्थ विचार.

नंतरच्या शतकभरात यांपैकी पहिल्या दोन अंगांचे रूपांतर साधनांत झाले. स्वतःच्या ओळखीची चाचणी झाली आणि व्यवसायांच्या ज्ञानाची माहितीपुस्तिका झाली. दोन्ही वस्तू छापता येतात, विकता येतात, वाटता येतात. अमेरिकेत १९५७ मध्ये सोव्हिएत उपग्रहाने दिलेल्या धक्क्यानंतर १९५८ साली राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. त्यातून समुपदेशकांच्या प्रशिक्षणास व शाळांतील चाचणी-कार्यक्रमास मोठे अर्थसाहाय्य मिळाले, ते विज्ञान-गणितातील गुणवान मुले हेरण्यासाठी. शालेय समुपदेशकाची प्रतिमा त्यामुळे चाचणी देणारा आणि गुण सांगणारा माणूस अशी घडत गेली. तिसरे अंग, म्हणजे विचार, कोणत्याही पेटीत भरून पाठविता येत नव्हते; ते समुपदेशकाच्या व्यक्तिगत शहाणपणावर सोडून दिले गेले.

महाराष्ट्रातही वाटचाल फारशी वेगळी नाही. पुण्यात वि. वि. पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने गिलफर्ड यांच्या बुद्धिरचना-प्रतिमानाचा आधार घेऊन या मातीतील विद्यार्थ्यांसाठी चाचण्या घडविण्याचे काम चिकाटीने केले. उषा खिरे यांचे नाव त्या संदर्भात आदराने घ्यावे लागते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये उभ्या राहिलेल्या मानसिक आरोग्य संस्थेच्या 'वेध' परिषदांनी व्यवसायांचे ज्ञान पाठ्यपुस्तकी यादीतून बाहेर काढून हाडामांसाच्या माणसांच्या मुलाखतींतून मुलांपर्यंत नेले, आणि हा प्रयोग अन्य शहरांतही रुजला. पहिल्या व दुसऱ्या अंगाचे हे अस्सल, येथेच घडलेले काम आहे. तिसऱ्या अंगासाठी मात्र मराठीत अशी परंपरा उभी राहिली नाही. डॉक्टरांकडे रुग्णचर्चा आहे, वकिलांकडे निवाड्यांचे संग्रह आहेत, कीर्तनकारांकडेसुद्धा गुरूच्या मागे उभे राहून शिकण्याची रीत आहे. समुपदेशकाकडे प्रमाणपत्र आहे.

अमेरिकन शालेय समुपदेशक संघटनेचा अनुभव येथे बोधप्रद आहे. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने १९९७ मध्ये राष्ट्रीय मानके प्रसिद्ध केली आणि २००३ मध्ये सर्वंकष कार्यक्रमाचे राष्ट्रीय प्रतिमान मांडले. त्यामागे नॉर्मन गायझबर्स प्रभृतींचे १९७० च्या दशकापासूनचे काम होते. २०१९ मध्ये त्याची चौथी आवृत्ती निघाली. एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी हे त्या संघटनेने शिफारस केलेले प्रमाण आपल्याकडील अभ्यासकही वारंवार उद्धृत करतात. या प्रतिमानाचा गुण असा, की त्याने समुपदेशकांना समान भाषा दिली. वार्षिक नियोजन, वेळेची विभागणी, परिणामांचे अहवाल यांचे नमुने एकसारखे झाल्यामुळे एका राज्यातील समुपदेशकाचे काम दुसऱ्या राज्यातील समुपदेशकाला वाचता येऊ लागले.

दोषही त्याच गुणात आहे. परिणामांचा अहवाल हा शाळेच्या प्रशासनापुढे समुपदेशकाचे पद टिकविण्यासाठी लिहिला जातो. अंदाजपत्रकात कपात होताना ज्या पदांवर प्रथम गदा येते त्यांत हे पद असल्याने तसे लिहिणे भागही असते. पण जो अहवाल समर्थनासाठी लिहिला जातो त्यात फसलेला प्रसंग येत नाही. यशस्वी उपक्रमांचे नमुने प्रसार पावतात आणि वाचणाऱ्या नवख्या समुपदेशकाची अशी समजूत होते की इतरांचे सर्व सुरळीत चालले आहे, अडखळतो तो आपणच. विनिमय वाढला तरी एकटेपण कमी होत नाही, याचे हे एक कारण दिसते. त्याच देशात बेन्शॉफ व पेज्ली यांनी १९९६ मध्ये शालेय समुपदेशकांसाठी सहव्यवसायी-सल्लामसलतीची एक रचनाबद्ध पद्धत मांडली होती. दोघा-दोघांनी ठरावीक काळाने भेटावे, आपल्या कामाचे व प्रसंगांचे परस्परांसमवेत परीक्षण करावे, वरिष्ठ-कनिष्ठ असा भेद नसावा, असे तिचे स्वरूप. आपल्याकडील संदर्भसूचींत २००३ चे प्रतिमान जागोजागी आढळते; ही पद्धत क्वचितच.

वाटून घेतलेला समुपदेशक

भारतीय धोरणात 'साधनांचे सहभाजन' हा शब्दप्रयोग आला तो निराळ्याच अर्थाने. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची निकड सांगितली; १९५४ मध्ये दिल्लीत केंद्रीय शैक्षणिक व व्यवसाय मार्गदर्शन विभाग सुरू झाला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शन हे शिक्षणाचे अविभाज्य अंग मानले आणि साधनांची चणचण ओळखून किमान कार्यक्रम सुचविला: दहा शाळांच्या गटासाठी एक फिरता समुपदेशक, आणि सोपी कामे शिक्षकांकडे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कोठारी आयोगाचीच शाळा-संकुलाची कल्पना पुन्हा पुढे आणली. एक माध्यमिक शाळा आणि तिच्या पाच ते दहा किलोमीटर परिसरातील इतर शाळा यांनी ग्रंथालय, प्रयोगशाळा, क्रीडासाहित्य, कलाशिक्षक यांप्रमाणेच समुपदेशकही सामाईक वापरावा, असे त्यात अभिप्रेत आहे.

दोन्ही शिफारशींमध्ये पाच दशकांहून अधिक अंतर आहे. पण समुपदेशक हे वाटून घेण्याजोगे साधन आहे, हे गृहीतक तेच राहिले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यात खोट काढता येत नाही. कामाच्या दृष्टीने मात्र मोठी खोट आहे. प्रयोगशाळेचे साहित्य सोमवारी एका शाळेत आणि मंगळवारी दुसऱ्या शाळेत नेता येते. दर दुसऱ्या सोमवारी येणाऱ्या समुपदेशकाला भेटण्यासाठी मुलाने आपले दुःख पंधरवडाभर राखून ठेवावे, अशी अपेक्षा करता येत नाही. शिवाय दहा शाळांचा एक समुपदेशक म्हणजे दहा शिक्षक-कक्षांत परका आणि आपल्या व्यवसायातही एकटा. धोरणाने शाळांना समुपदेशक वाटून दिला. समुपदेशकाने कोणाशी काय वाटून घ्यावे, याची तरतूद केली नाही.

२०२० च्या जुलैमध्ये महासाथीच्या काळात सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'मनोदर्पण' उपक्रमात शाळा व विद्यापीठ पातळीवरील समुपदेशकांची राष्ट्रीय सूची तयार करण्याचा समावेश होता. सूची उपयुक्त असते यात शंका नाही. पण ती मुलाला समुपदेशकाकडे नेते. एका समुपदेशकाला दुसऱ्याकडे नेण्यासाठी ती केलेली नसते.

या प्रश्नाची निकड आता वाढली आहे. 'सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य' या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची गंभीर दखल घेऊन मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा वा त्याच्या सेवा घ्याव्यात आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संबंध ठेवावा, असे त्यांत म्हटले आहे. यातून जी पदे भरली जातील त्यांवर नुकतीच पदव्युत्तर पदवी घेतलेली तरुण मुले-मुली मोठ्या संख्येने येतील, हे उघड आहे. त्यांच्या हाती चाचण्यांचा संच असेल. पहिल्याच सत्रात कोणी विद्यार्थी मनगटावरील ओरखडे दाखवील, तेव्हा त्या संचात पाहण्यासारखे काही नसेल.

वाटल्याने झिजणारी वस्तू

साधनांच्या देवघेवीचे स्वागत करताना एक तांत्रिक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. सर्वच साधने वाटल्याने वाढत नाहीत. काही वाटल्याने झिजतात. मानसशास्त्रीय चाचणी ही या दुसऱ्या जातीची वस्तू आहे.

चाचणीतील गुणाला स्वतःचा असा अर्थ नसतो. चाळीसपैकी सत्तावीस हा आकडा ज्या समूहावर चाचणी प्रमाणित केली त्या समूहाच्या कामगिरीशी ताडला, की त्याचा शततमक मिळतो आणि मग त्याला अर्थ येतो. झेरॉक्सच्या दुकानातून प्रश्नपुस्तिका पुढे जाते तेव्हा पुष्कळदा मार्गदर्शिका मागे राहते. मार्गदर्शिका गेली तरी तिच्यातील प्रमाणके कोणत्या वर्षाची, कोणत्या भाषेतील, कोणत्या वयोगटाची, हे पाहण्याची तसदी घेतली जात नाही. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले, की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकी लोकसंख्येचा बुद्धिगुणांक सुमारे १४ गुणांनी, म्हणजे दर दशकास साधारण तीन गुणांनी, वाढत गेला होता. सर्व देशांत हा वेग एकच असतो असे नाही. पण त्यातून निघणारे व्यावहारिक तात्पर्य सर्वत्र लागू आहे: जुन्या प्रमाणकांवर मोजलेले मूल असते त्याहून हुशार दिसते. पालकांना हे सुखावणारे वाटेल. ज्या मुलाला सवलतीची व विशेष साहाय्याची गरज आहे आणि ज्याचा गुणांक सत्तरच्या आसपास घुटमळतो आहे, त्याच्या बाबतीत मात्र तीस वर्षांपूर्वीच्या प्रमाणकांनी केलेली ही मेहेरबानी त्याचा हक्क हिरावून घेऊ शकते.

दुसरी झीज सरावाची. चाचणी जितक्या हातांत गेली तितकी ती मुलांच्या, शिकवणीवर्गांच्या आणि उत्साही पालकांच्या हाती लागण्याचा संभव वाढतो. एकदा प्रश्न माहीत झाले की ती क्षमता मोजत नाही, परिचय मोजते. म्हणजे देवघेवीतील औदार्य जेवढे अधिक, तेवढे देऊ केलेल्या वस्तूचे मोल कमी. प्रसंगाच्या अनुभवाचे नेमके उलट आहे. एका समुपदेशकाने आपला फसलेला प्रसंग पाच जणांपुढे मांडला तर पाचही जण पुढच्या वेळी तेथे थबकतात आणि मांडणाऱ्याचे काही कमी होत नाही. या व्यवसायात जी वस्तू राखून द्यावी ती खुलेपणाने वाटली जाते, आणि जी खुलेपणाने वाटावी ती राखली जाते. हा उलटा व्यवहार आहे.

महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी झालेली कलचाचणी हे याचे सर्वांत मोठ्या प्रमाणावरील उदाहरण मानता येईल. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक, गणवेशधारी सेवा आणि कला व मानव्यविद्या या क्षेत्रांकडे असलेला विद्यार्थ्याचा कल तीतून काढला जाई. पुढे अभिक्षमतेचीही जोड दिली गेली. लक्षावधी मुलांपर्यंत एक साधन विनामूल्य पोहोचविणे ही प्रशासकीय दृष्ट्या लहान गोष्ट नव्हे. त्याआधी अशी चाचणी शहरातील सधन पालकांनाच परवडत असे. पण कल म्हणजे क्षमता नव्हे, आणि क्षमता म्हणजे संधी नव्हे. अहवालात 'गणवेशधारी सेवा' असा शेरा आलेल्या मुलाला सैन्यातील शिस्तीची ओढ आहे, की घरातून लवकर बाहेर पडण्याची, की ठरलेल्या पगाराची, हे अहवाल सांगू शकत नाही. ते समोर बसून विचारावे लागते. विचारणारे मोजके होते. ज्यांनी विचारले त्यांना काय आढळले, कोणत्या तालुक्यात कोणता शेरा कशाचे निदर्शक ठरला, हे कोठेही एकत्र झाले नाही. पार्सन्स यांच्या पहिल्या अंगावर एवढा खर्च झाला, तिसऱ्यावर नाही, आणि एक दुर्मीळ संधी वाया गेली.

भीड, रुसवा आणि आयात भावनाचक्र

भाषेच्या प्रश्नाकडेही येथे वळणे आवश्यक आहे, कारण मराठी माध्यमाच्या शाळांत फिरणारी बहुतेक साधने भाषांतरित आहेत. प्राथमिक व माध्यमिक वर्गांत भावना ओळखण्यासाठी वापरले जाणारे वर्तुळाकार तक्ते याचे चांगले उदाहरण होत. रॉबर्ट प्लुचिक यांनी १९८० मध्ये मांडलेले भावनाचक्र आणि त्याच धर्तीची नंतरची अनेक चक्रे आज मराठी शब्द घालून वापरली जातात. आनंद, विश्वास, भीती, आश्चर्य, दुःख, तिटकारा, राग, अपेक्षा असे शब्द कप्प्यांत बसतात आणि मुलाने आपल्या मनःस्थितीच्या कप्प्यावर बोट ठेवायचे असते.

मराठी मुलाचे बोट पुष्कळदा कोणत्याच कप्प्यावर पडत नाही. 'रुसवा' हा राग नव्हे. ज्याच्यावर आपला हक्क आहे त्यानेच यावे, मनवावे, अशी अपेक्षा त्यात असते. परक्यावर कोणी रुसत नाही. वडिलांवर रुसलेल्या मुलीने 'राग' या कप्प्यावर बोट ठेवले, तर रागनियमनाची जी कृतिपत्रिका तिच्या हाती येईल ती तिच्या नात्यातील अपेक्षा समजूनच घेणार नाही. 'भीड' हा शब्द त्याहून महत्त्वाचा. ती भीती नव्हे, लाज नव्हे, आदरही नव्हे. तिघांच्या सीमेवर ती उभी आहे. मामांनी, सरांनी वा शेजारच्या काकांनी केलेल्या गोष्टीबद्दल मूल महिनोन्महिने बोलत नाही ते पुष्कळदा भीतीमुळे नव्हे, भिडेमुळे. ज्या तक्त्यात भीडेला जागा नाही, तो तक्ता नेमक्या या मुलाला मुका ठेवतो. 'पोटात गोळा येतो', 'कसंतरी होतं', 'डोकं धरलंय' अशा देहाच्या भाषेत मुले जे सांगतात, आणि 'टेन्शन' हा एकच शब्द ज्या दहा गोष्टींसाठी वापरतात, त्यांचेही तेच. बेळगावच्या, अहिराणी पट्ट्यातील वा झाडीबोलीच्या भागातील समुपदेशकाकडे असे शब्द ढिगाने जमलेले असणार. ते परस्परांना सांगितले गेले तर एक अस्सल साधन घडेल, आणि ते कोणत्याही प्रकाशनसंस्थेकडून विकत मिळणारे नाही.

'समुपदेशन' या पारिभाषिक शब्दाच्या पोटात 'उपदेश' आहे, ही त्या शब्दाची जुनी अडचण. या व्यवसायात उपदेश करू नये, हा पहिला धडा. आणि समुपदेशकांच्या कार्यशाळांमध्ये मात्र दीपप्रज्वलनापासून शाल-श्रीफळापर्यंत उपदेशच चालतो. कार्यशाळेत कार्य वक्त्याचे असते, उरलेल्यांच्या वाट्याला शाळा येते.

काय झाकावे आणि काय सांगावे

प्रसंगचर्चा न होण्याचे कारण विचारले असता सर्वसाधारणपणे गोपनीयतेकडे बोट दाखविले जाते. हे कारण खोटे नाही. मोठ्या शहरात नाव वगळले की ओळख पुष्कळ अंशी झाकली जाते. तालुक्याच्या गावी ती झाकली जात नाही. 'नववीतील मुलगी, वडिलांचे बसस्थानकाजवळ दुकान, गेल्या वर्षी शाळा बदललेली' एवढ्या तपशिलावर ऐकणाऱ्यांपैकी निम्मे जण तिचे घर सांगू शकतात. त्यात आडनावावरून जात आणि जातीवरून वस्ती कळण्याची आपल्याकडील सवय मिसळली, म्हणजे नाव वगळण्याच्या उपचाराला फारसा अर्थ उरत नाही.

परंतु या अडचणीतून मौन हा एकच मार्ग निघतो, असे समजणे चूक आहे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल व एनिड बालिंट यांनी १९५० च्या दशकात सामान्य वैद्यकव्यवसायींचे जे चर्चागट चालविले, त्यांच्या रीतीत या कोड्याची उकल सापडते. त्यावरील मायकेल बालिंट यांचे पुस्तक १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. या गटांत डॉक्टर रुग्णाचे कागद घेऊन येत नसे. जे आठवते तेवढे सांगे. चर्चेचा विषय रुग्णाचा आजार नसे. त्या रुग्णापुढे डॉक्टर अस्वस्थ का झाला, त्याने घाईने औषध का लिहून दिले, त्याला कोणता प्रश्न विचारवला नाही, हा विषय असे.

शालेय समुपदेशकाने सहव्यवसायींपुढे मुलाची कथा सांगण्याची गरज नसते. स्वतःच्या निर्णयाची कथा सांगण्याची असते. 'मुलीने सांगितल्यावर मी त्याच दिवशी आईला बोलावले, आणि पुढील आठवड्यात मुलगी शाळेत आली नाही' या एका वाक्यात मुलीची ओळख नाही, पण चर्चेला पुरेसा विषय आहे. आईला त्याच दिवशी बोलावण्याची घाई कोणाच्या भीतीपोटी झाली? मुलीला विचारले होते काय? गावाचे, व्यवसायाचे, कुटुंबाचे तपशील बदलले तरी हे प्रश्न बदलत नाहीत. जे झाकावयाचे ते मुलाचे आहे आणि जे सांगावयाचे ते समुपदेशकाचे, हा भेद केला की गोपनीयतेचा आडोसा बराचसा गळून पडतो. मग उरतो तो अडथळा वेगळाच, आपली चूक चारचौघांत कबूल करण्याचा. तो गोपनीयतेच्या नावाखाली लपविला जाऊ नये.

कायद्याच्या बाबतीत तर असे मौन घातक ठरते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे अथवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळले त्याने विशेष बाल पोलीस पथकास वा स्थानिक पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा कलम २१ खाली शिक्षापात्र अपराध असून संस्थाप्रमुखावरील दायित्व अधिक कडक आहे. समुपदेशकाने दिलेले गोपनीयतेचे वचन येथे संपते. पण ते वचन कोणत्या शब्दांत दिले होते? पहिल्याच भेटीत मुलाला ही मर्यादा सांगितली तर ते बोलेल काय. आणि न सांगता पुढे पोलिसांना कळविले तर पुन्हा कोणावर विश्वास ठेवील काय? बारा वर्षांच्या मुलाला ही मर्यादा सोप्या मराठीत कशी सांगावी, यासाठी अधिनियमात वाक्य नाही. पाठ्यपुस्तकांतून जे आढळते ते इंग्रजीचे तर्जुमे असून मुलाच्या कानाला परके वाटतात. ज्या समुपदेशकांनी हा प्रसंग दोन-चार वेळा निभावला आहे त्यांच्यापाशी ते वाक्य आहे. संस्थेच्या बदनामीच्या भयाने मुख्याध्यापक वा संचालक 'आपसात मिटवू' म्हणतात तेव्हा काय उत्तर द्यावे, हेही त्यांनाच ठाऊक आहे. नवख्या समुपदेशकाला याहून मोलाचे साधन दुसरे कोणतेही देता येणार नाही, आणि ते नेमके कोणत्याही संचात समाविष्ट नाही.

महाविद्यालयांतील मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र विभागांकडे या संदर्भात पाहिले जाणे स्वाभाविक आहे. एम.एड्. व एम.ए. पातळीवर समुपदेशनाविषयी जी संशोधने होतात त्यांपैकी बहुसंख्य प्रश्नावलीवर आधारलेली असतात. शंभर-दीडशे विद्यार्थ्यांच्या 'समस्यांचा अभ्यास' होतो, टक्केवारी निघते, बांधणी होते आणि प्रबंध कपाटात जातो. शाळेतील समुपदेशकाला त्या टक्केवारीचा उपयोग नसतो, आणि त्याच्यापाशी असलेल्या प्रसंगांचा प्रबंधाला उपयोग होऊ दिला जात नाही. वास्तविक, तालुक्यातील सात-आठ समुपदेशकांना महिन्यातून एकदा दोन तास बसण्यास महाविद्यालयाचा एक वर्ग पुरेसा आहे. ती जागा कोणत्याच शाळेची नसल्याने बोलणे अधिक मोकळे होण्याचा संभव आहे. प्राथमिक शिक्षकांसाठी केंद्र पातळीवर दरमहा शिक्षण परिषद भरविण्याची रीत महाराष्ट्रात आहे. ती कोठे परिपत्रकांच्या वाचनापुरती उरली आणि कोठे खरोखर वर्गातील अडचणी मांडण्याचे ठिकाण झाली, याचा अनुभव पाठीशी घेता येईल.

अडचण मात्र अगदी साधी आहे. कार्यशाळेला पत्रिका असते, प्रमुख पाहुणे असतात, उपस्थितीचे प्रमाणपत्र असते. म्हणून तिला जाण्यास शाळा परवानगी देते आणि तो दिवस कर्तव्यावर धरला जातो. सात जणांनी बंद दाराआड बसून आपल्या चुका सांगण्याच्या बैठकीला यांपैकी काहीच नसते. तिचे इतिवृत्त ठेवता येत नाही, छायाचित्र काढता येत नाही, आणि वार्षिक अहवालात तिच्यापुढे लिहिण्यासारखा उपस्थितांच्या संख्येखेरीज अन्य तपशील नसतो. तिला येणारा समुपदेशक आजही बहुधा अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकून येतो.